पारंपरिक आफ्रिकन शिल्पांचा व्यापार : नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पॅरिस, ब्रसेल्स, लंडनला शिकायला किंवा नोकरीला आलेली आणि एखाद्या संग्रहालयात काँगोतल्या लूबा लोकांच्या आसनापुढे किंवा गॅबॉनच्या फँग लोकांच्या मूर्तीपुढे खिळून राहिलेली मराठी मुलं-मुली मला अधूनमधून विचारतात, "यात करिअर करता येईल का हो?" येतं. मी ब्रसेल्सच्या साब्लों भागातल्या एका गॅलरीत कॅटलॉगची कामं करत या व्यवसायात आले आणि पुढे स्वतःचं काम सुरू केलं. या वाटेने गेलेलं ओळखीचं कुणी नव्हतं, त्यामुळे साधी माहितीही तुकड्यातुकड्याने गोळा करावी लागली. ती इथे क्रमाने मांडते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. या वस्तू दिवाणखान्यासाठी घडलेल्या नाहीत. पूर्वजांच्या अस्थींची राखण करणारी मूर्ती, वारलेल्या जुळ्या बाळाची बाहुली, गावातले तंटे सोडवणारा मुखवटा, असं हे सगळं आहे. त्यातलं बरंचसं वसाहतकाळात युरोपात आलं. काही विकत, काही भेट म्हणून, काही दडपणाखाली आणि काही सरळ लुटून. म्हणून वस्तू सुंदर आहे का, अस्सल आहे का, या प्रश्नांच्याही आधी ती इथे आली कशी, हा प्रश्न येतो. हा क्रम ज्यांना मान्य नाही त्यांनी या व्यवसायात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१. कोणत्या दाराने आत यायचं ते ठरवा

थेट दुकान थाटून सुरुवात करू नका. आत यायची दारं साधारण चार आहेत. गॅलरीत सहायक म्हणून, लिलावघराच्या आफ्रिका-ओशनिया विभागात इंटर्न म्हणून, वस्तूंच्या बैठका आणि आधार बनवणाऱ्या कारागिराकडे, किंवा एखाद्या संग्राहकाच्या संग्रहाची यादी करायला. चौथं काम कंटाळवाणं वाटतं, पण शिकायला तेच सगळ्यांत चांगलं. एकेक वस्तू हातात घ्यायची, मोजायची, फोटो काढायचा, मागची चिठ्ठी उतरवून घ्यायची आणि जुन्या पावत्या जुळवायच्या.

पदवी सक्तीची नाही. नॉरिचचं सेन्सबरी रिसर्च युनिट, लंडनचं सोआस आणि पॅरिसचं एकोल द्यु लूव्र इथे या विषयाचं गंभीर शिक्षण झालेली माणसं या व्यवसायात भेटतात. मात्र फ्रेंच हवंच. जुने कॅटलॉग, लेबलं, पत्रव्यवहार आणि निम्म्याहून जास्त बोलणी फ्रेंचमध्ये होतात. नुसत्या इंग्रजीवर तुम्ही कायम दुसऱ्या रांगेत बसाल.

२. एकच प्रदेश धरा

'आफ्रिकन कला' नावाची एक वस्तू बाजारात नसते. बाजारात असतात वेगवेगळ्या लोकांच्या वस्तू: मालीचे डोगोन आणि बमाना, कोत दिव्वारचे (आयव्हरी कोस्ट) बाउले, सेनुफो आणि दान, नायजेरियाचे योरुबा, गॅबॉनचे फँग, कोटा आणि पुनू, काँगोचे लूबा, सोंग्ये, कुबा, लेगा, पेंडे. प्रत्येकाची शैली वेगळी, लाकूड वेगळं, वापर वेगळा आणि नकला करणारेही वेगळे.

कोणत्या शहरात काय जास्त मिळतं हे तिथून कुणी कुठे राज्य केलं यावर ठरलेलं आहे. पॅरिसमध्ये माली, कोत दिव्वार, गॅबॉन. ब्रसेल्समध्ये काँगो. लंडनमध्ये नायजेरिया, घाना. तुम्ही राहता त्या शहराला जवळचा एक प्रदेश निवडा आणि पहिली काही वर्षं त्याच्या बाहेर पैसे गुंतवू नका.

मग संग्रहालयं. काँगोसाठी ब्रसेल्सजवळचं तेर्वुरेनचं संग्रहालय, डिसेंबर २०१८ मध्ये नव्या मांडणीसह पुन्हा उघडलेलं. पॅरिसमध्ये २००६ साली सुरू झालेलं के ब्रांली. तिथे सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या सुमारे ७०,००० वस्तू आहेत आणि त्यांची यादी फोटोंसकट ऑनलाइन बघता येते. एका बैठकीत एकाच लोकांच्या एकाच प्रकारच्या वस्तू बघा. समजा, फक्त बाउले हातमागाच्या कप्प्या. शंभरेक फोटो ओळीने पाहिले की 'नेहमीचं' काय आणि 'वेगळं' काय, हे डोळ्यांना आपोआप कळू लागतं. या सवयीला पर्याय नाही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी इथे एक खुलासा. गोव्यातल्या ज्या घरांतली माणसं मोझांबिक किंवा टांझानियात राहून आली, तिथे काळ्याभोर लाकडाच्या, एकात एक गुंतलेल्या मानवाकृतींची माकोंडे शिल्पं दिसतात. ती सुंदर असतात, पण या लेखातला विषय तो नव्हे. ती शैली १९५०च्या दशकापासून दार-एस-सलाममध्ये विक्रीसाठी बहरली आणि तिला उत्तेजन देणाऱ्यांत मोहमद पीरा या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्याचा मोठा वाटा होता. माकोंडेंचे विधींत वापरले जाणारे जुने लिपिको मुखवटे हलक्या लाकडाचे असतात आणि डोक्यावर शिरस्त्राणासारखे चढवतात. दोन्हींचे ग्राहक वेगळे, किमती वेगळ्या. आजीच्या कपाटावरची मूर्ती 'दोनशे वर्षांची' म्हणून विकायला काढू नका.

३. वस्तू हातात घेऊन वाचायला शिका

लिलावाआधी दोन-तीन दिवस वस्तू सर्वांना बघायला ठेवतात. प्रवेश फुकट असतो आणि विनंती केली तर वस्तू हातात देतात. पॅरिसचं द्रुओ लिलावघर त्यासाठी उत्तम. सोबत ठेवा: लहान एलईडी टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, वही. कुणी हरकत घेतली नाही तर मागून-खालून फोटो.

सुरुवात योरुबांच्या इबेजीने करा, कारण त्या भरपूर दिसतात आणि आवाक्यातल्या असतात. योरुबांमध्ये जुळ्यांचं प्रमाण जगात फार मोठं. जुळ्यांपैकी एक दगावलं तर त्याच्यासाठी लाकडी बाहुली कोरून घेत आणि आई तिला न्हाऊ घाली, भरवी, कपडे-मणी घाली, अंगाला लाल लाकडाची पूड चोळी, केसांना नीळ लावी. टॉर्च आडवा धरून बघा. खऱ्या इबेजीचा चेहरा वर्षानुवर्षांच्या धुण्याने झिजलेला असतो. नाकाचा शेंडा सपाट, ओठ पुसट, गालावरचे जातीचे वण जेमतेम दिसणारे. पण कानामागे, बोटांच्या फटीत, केसांच्या कोरीव रेघांत लाल पुडीचा जुना कडक थर आणि निळीचे कण तसेच अडकलेले. कमरेला मण्यांच्या सराने घासून गुळगुळीत झालेला पट्टा सापडतो. म्हणजे जिथे हात लागला तिथे झीज आणि जिथे हात पोचला नाही तिथे थर. नकलेत उलट असतं. चेहरा पॉलिशपेपरने घासलेला, भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा, आणि लाल रंग उंचवट्यांवर आणि खोबणीत सारखाच.

मुखवट्याचा चेहरा नंतर बघा, आधी तो उलटा करा. दान मुखवटा घ्या. आतून वाकसाचे घाव दिसतात. कपाळ, गाल आणि हनुवटी जिथे टेकतात तिथे घामाने आणि तेलाने लाकूड काळपट, चकचकीत झालेलं असतं. इतर ठिकाणी कोरडं, फिकट. कडेच्या भोकांतून दोरे ओवून पोशाख आणि दाढी बांधतात. खऱ्या वापरात ही भोकं ज्या बाजूला ओढ बसते त्या बाजूला झिजून लांबट होतात. कडा सगळीकडून गोल आणि स्वच्छ असतील तर हा मुखवटा कुणी कधी नाचवलेला नाही. आता चेहऱ्यावर घाला. डोळ्यांच्या फटीतून काही दिसतं का, श्वास घेता येतो का? विकण्यासाठी बनवलेल्या कितीतरी मुखवट्यांतून काहीच दिसत नाही.

नेहमीच्या लबाड्या माहीत असू द्या. पोटॅशियम परमँगनेट आणि बूटपॉलिशने आणलेला गडद रंग. धुराड्यात टांगून चढवलेली काजळी. वारुळाशेजारी टाकून काही आठवड्यांत वाळवीकडून खाऊन घेतलेला तळ. वाळवीने खाल्लेलं म्हणजे जुनं, हा समज सोडून द्या. ड्रिलने पाडलेली किड्यांची भोकं सरळ आत जातात. खऱ्या किडीचे बोगदे वळत-वाकत जातात. कोटा मूर्तींवर तांब्या-पितळेचा पत्रा असतो. जुना पत्रा हाताने ठोकलेला, जाडीला कमीजास्त. यंत्राचा पत्रा एकसारखा.

सापळा: वस्तूबरोबर विकली जाणारी गोष्ट. "गावच्या मुखियाच्या नातवाकडून थेट मिळाली" ही ओळ ऐकू आली की कान टवकारा. आफ्रिकेतून माल घेऊन येणारे हौसा आणि जुला व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यात आहेत, त्यांच्यातल्या कित्येकांची नजर युरोपातल्या डीलरांपेक्षा तीक्ष्ण आहे आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. पण ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, मग ती कुणीही सांगो.

४. प्रयोगशाळेकडून काय मिळतं, काय मिळत नाही

कार्बन-१४ चाचणी लाकूड कधी वाढलं ते सांगते, कोरलं कधी ते नाही. जुन्या तुळईतून काल कोरलेली मूर्तीही 'जुनी' ठरते. शिवाय साधारण १६५० नंतरच्या लाकडासाठी उत्तरं एकमेकांत मिसळतात. बहुतेक शिल्पं त्याच काळातली, म्हणून नेमकं साल मिळत नाही. एक मात्र नक्की कळतं. १९५०च्या दशकापासूनच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला, त्यामुळे त्यानंतर वाढलेलं लाकूड पकडता येतं.

भाजलेल्या मातीसाठी थर्मोल्युमिनेसन्स ही चाचणी. ती शेवटची भाजणी कधी झाली ते सांगते. भामटे नमुना जिथून घेतला जाईल तिथे जुन्या खापरांचे तुकडे बसवून बाकीचं नवं बनवतात. त्यामुळे एका भोकावरच्या अहवालावर विसंबू नका, सीटी स्कॅन मागा. तशीही आफ्रिकन मातीकाम विकत घेण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये. का, ते सहाव्या पायरीत.

५. मालकीचा माग काढा

या व्यवसायातलं खरं काम हे. एक उदाहरण बघा. कॅमेरूनच्या गवताळ पठारावरची 'बांग्वा राणी' ही मूर्ती. जर्मन वसाहतीचा प्रतिनिधी गुस्टाव कोनराउ याने १८९०च्या दशकाअखेर ती नेली, मग ती बर्लिनच्या संग्रहालयात, तिथून आर्थर श्पायर या डीलरकडे, मग पॅरिसचे डीलर शार्ल रातों यांच्याकडे, मग सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योजिका हेलेना रुबिनस्टाइन यांच्या संग्रहात. छायाचित्रकार मॅन रे याने तिचे फोटो काढले, १९३५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनात ती होती. १९६६ च्या लिलावात २९,००० डॉलरना ती हॅरी फ्रँकलिन यांच्याकडे गेली आणि १९९० साली ३४ लाख डॉलरना पॅरिसच्या दापेर प्रतिष्ठानाकडे. प्रत्येक टप्प्याला कागद किंवा फोटो आहे. आणि एवढा अखंड माग असूनही पहिलाच टप्पा, म्हणजे कोनराउने ती नेमकी कशी मिळवली, हा वादाचा राहिला आहे. बांग्वा लोक ती परत मागत आहेत. अखंड माग आणि निर्दोष माग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून ध्यानात घ्या.

तुमच्या हातातल्या साध्या वस्तूचा माग असा काढा. तळाशी, आत, मागे रंगवलेले आकडे, चिठ्ठ्या, शिक्के शोधा. संग्रहालयांचे जुने क्रमांक बऱ्याचदा पांढऱ्या किंवा लाल रंगात हाताने लिहिलेले असतात. बैठक पाहा. पॅरिसमध्ये किचिझो इनागाकी नावाचे जपानी कारागीर १९५१ पर्यंत होते. पॉल गियोम, रातों अशा डीलरांसाठी त्यांनी केलेल्या बैठकांखाली त्यांचा शिक्का सापडतो. असा शिक्का दिसला की मूर्ती पॅरिसमध्ये कधीपासून असावी याचा अंदाज येतो. पण बैठका बदलल्या जातात, म्हणून मूर्तीचा तळ आणि बैठकीची खाच खरोखर जुळते का ते बघा. १९३५ च्या त्या न्यूयॉर्क प्रदर्शनातल्या वस्तूंचे फोटो वॉकर इव्हान्सने काढले होते. ते संच अनेक संग्रहालयांत आहेत आणि आजही वस्तू ओळखायला कामी येतात.

मग जुने लिलाव कॅटलॉग, येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाकडचं आफ्रिकन वस्तूंच्या छायाचित्रांचं भांडार, चोरीच्या वस्तूंसाठी इंटरपोलचं फुकट आयडी-आर्ट ॲप आणि आर्ट लॉस रजिस्टरची शोधपावती. बेनिन राज्याच्या (हे आजच्या नायजेरियात होतं, बेनिन देश वेगळा) वस्तूंसाठी नोव्हेंबर २०२२ पासून 'डिजिटल बेनिन' आहे. त्यात १३१ संस्थांमधल्या पाच हजारांवर वस्तू एकत्र पाहता येतात.

सापळा: "खासगी बेल्जियन संग्रह, वारसाहक्काने" एवढीच ओळ. तिचा अर्थ काहीही असू शकतो. आजोबा काँगोत कधी होते, कोणत्या नोकरीत, कोणत्या जिल्ह्यात, घरातल्या भिंतीवर ही वस्तू दिसणारा एखादा जुना फोटो आहे का, ते विचारा. लोक आनंदाने शोधतात. पेटीतून बोटीचं तिकीट, पगारपत्रक, अल्बम निघतात. मी वस्तू पाहायला जाते तेव्हा अल्बम आधी मागते.

६. कशाला हात लावायचा नाही

आयकॉम या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आफ्रिकेसाठीची लाल यादी, म्हणजे चोरट्या व्यापाराचा धोका असलेल्या वस्तूंची यादी, २००० सालची आहे. नोक आणि इफेची मातीची शिल्पं, एसिएच्या दगडी मूर्ती, नायजर नदीच्या खोऱ्यातली जेन्नेसारखी मातीची शिल्पं, बुरा, कोमा. ही सगळी उत्खननातून, म्हणजे बहुतेक वेळा चोरट्या खोदकामातून येतात. अमेरिकेने मालीच्या नायजर खोऱ्यातल्या पुरातन वस्तूंच्या आयातीवर १९९३ सालीच निर्बंध घातले. पश्चिम आफ्रिकेसाठी २०१६ साली वेगळी तातडीची यादी निघाली. या वस्तू घेऊ नका, ओळखीच्यासाठी विकू नका, 'नुसतं मत' म्हणूनही किंमत सांगू नका.

दुसरा गट, ज्ञात लुटीचा. फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजांनी बेनिन शहर जाळून नेलेल्या पितळी आणि हस्तिदंती वस्तू, १८९२ साली फ्रेंच फौजांनी अबोमेच्या (आजच्या बेनिन देशातल्या) राजवाड्यातून नेलेल्या वस्तू. अबोमेच्या २६ वस्तू फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये परत केल्या. जर्मनीने २०२२ पासून बेनिनच्या वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत पाठवल्या. बेल्जियमने वसाहतकाळातल्या सरकारी संग्रहांसाठी २०२२ साली परतीचा कायदा केला. हे कायदे सरकारी संग्रहांपुरते असले तरी खासगी ग्राहकही आता हाच प्रश्न विचारतो, आणि विचारलाच पाहिजे.

तिसरा गट सगळ्यांत फसवा असतो. वस्तू तिथल्या देवघरातून अलीकडे चोरलेली, पण कागद नीटनेटके. कॅमेरूनच्या कोम राज्याची राजमूर्ती अफो-आ-कोम १९६६ साली चोरीला गेली, १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात दिसली आणि त्याच वर्षअखेर परत गेली. केनियाच्या मिजिकेंडा लोकांनी मृतांच्या नावे रोवलेले विगांगो खांब अंगणांतून उपटून विकले गेले. अमेरिकेतल्या काही संग्रहालयांनी ते परत केलेत. नायजेरियातल्या बियाफ्रा युद्धाच्या काळात, १९६७ ते १९७० मध्ये, इग्बो लोकांच्या देवळांतून बाहेर गेलेल्या मूर्तींची एक जोडी जून २०२० मध्ये पॅरिसच्या लिलावात आली, तेव्हा नायजेरियातून तीव्र विरोध झाला. तरी ती २,१२,५०० युरोंना विकली गेली. माझा नियम असा: १९६० नंतर आफ्रिकेतून बाहेर पडलेली विधींची वस्तू, निर्यातीच्या कागदाशिवाय, घ्यायची नाही. स्वस्त असली तरी नाही.

७. हस्तिदंत, कातडी, शिंगं

आफ्रिकन हत्तीच्या दाताचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९० पासून जवळपास बंद आहे. लेगांच्या हस्तिदंती मूर्ती मोहक असतात, पण युरोपीय संघात १९४७ पूर्वीच्या कोरीव हस्तिदंतालाही आता प्रमाणपत्र लागतं, आणि ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून काही मोजके अपवाद सोडले तर विक्रीच बंद आहे. भारतात तर आयात केलेल्या आफ्रिकन हस्तिदंताचीही खरेदी-विक्री करता येत नाही. मुखवट्याला लावलेलं बिबट्याचं कातडं, माकडाचे केस, पिसं हेही तपासावं लागतं. नव्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

८. नोंदणी आणि कागद

बेल्जियममध्ये युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला स्वतंत्र व्यवसायासाठी प्रोफेशनल कार्ड लागतं. आधी ते बघा, कारण विद्यार्थी किंवा नोकरीच्या परवान्यावर दुकान चालवता येत नाही. फ्रान्समध्ये जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याने प्रेफेक्चरकडे (सरकारच्या स्थानिक प्रशासनाकडे) नोंद करून खरेदीची 'पोलीस वही' ठेवावी लागते. कोणाकडून, कधी, काय, कितीला घेतलं, हे तिच्यात रोजच्या रोज लिहायचं. इतरत्र सक्ती नसली तरी अशी वही ठेवा.

प्रत्येक वस्तूच्या फाइलमध्ये हे असू द्या:
– खरेदीची पावती आणि विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत
– विक्रेत्याने सही केलेलं मालकीचं निवेदन: वस्तू कुटुंबात कधीपासून, कशी आली
– सर्व बाजूंचे फोटो, तळ आणि आतली बाजू धरून, मोजपट्टीसह
– जुनी पत्रं, चिठ्ठ्या, अल्बममधले फोटो, कॅटलॉगची पानं
– चोरीच्या नोंदीत शोध घेतल्याची पावती, तारखेसह
– स्थिती अहवाल: तडे, जुन्या दुरुस्त्या, नंतर जोडलेले भाग
– आयात-निर्यातीचे आणि वन्यजीवांसंबंधीचे परवाने, लागू असतील ते

युरोपीय संघात बाहेरून माल आणणाऱ्यांसाठी २८ जून २०२५ पासून २०१९/८८० हा नियम पूर्णपणे लागू झाला आहे. २५० वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना किमतीचा विचार न करता आयात परवाना लागतो. २०० वर्षांहून जुन्या आणि १८,००० युरो किंवा जास्त किमतीच्या इतर वस्तूंसाठी आयातदाराचं निवेदन लागतं. लाकडी शिल्पं बहुधा इतकी जुनी नसतात, पण मूळ देशातून बेकायदा बाहेर नेलेल्या वस्तू आणायला सरसकट बंदी आहे, तिला असली वयाची आणि किमतीची अट नाही.

रोखीचे व्यवहार टाळा. बेल्जियममध्ये ३,००० युरोंपुढे रोख चालत नाही. १०,००० युरोंच्या व्यवहारापासून ग्राहकाची ओळख आणि पैशांचा स्रोत तपासणं युरोपभर बंधनकारक आहे. व्हॅटची गणितं देशागणिक वेगळी आणि अलीकडे बदललेली आहेत, त्यासाठी कलाव्यवहार समजणारा हिशेबनीस पहिल्या महिन्यातच गाठा.

९. पहिली खरेदी

लहान वस्तूंनी सुरुवात करा. घानाकडच्या अकान लोकांची सोनं तोलायची पितळी वजनं, बाउलेंच्या कप्प्या, कुबांचे पेले, कंगवे, चमचे, इबेजी. काहीशे ते दोन-तीन हजार युरोंत चांगली वस्तू मिळते. बोलीवर लिलावघराचं शुल्क साधारण पाव हिश्शाने किंवा त्याहून जास्त चढतं, ते धरूनच आपली कमाल बोली कागदावर लिहा आणि तिच्यापुढे जाऊ नका. दहा मध्यम वस्तूंपेक्षा दोन चांगल्या घ्या. मध्यम वस्तू वर्षानुवर्षं कपाटात बसून राहतात.

लोकांच्या घरून घेताना काय जबाबदारी येते, हे एका प्रकरणातून समजून घ्या. फ्रान्समधल्या एका वयस्कर जोडप्याने २०२१ साली घर आवरताना फँग लोकांचा एक न्गिल मुखवटा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला १५० युरोंना दिला. नवऱ्याचे आजोबा आफ्रिकेत फ्रेंच वसाहतीचे अधिकारी होते. मार्च २०२२ मध्ये माँपेलिएच्या लिलावात त्याच मुखवट्यावर ४२ लाख युरोंची बोली लागली. जोडपं कोर्टात गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये ॲलेसच्या न्यायालयाने निकाल व्यापाऱ्याच्या बाजूने दिला. कायद्याने काय चालतं ते एक आणि आपल्याला रात्री झोप कशी लागेल ते दुसरं. मला वस्तूचं मोल कळलं असेल तर मी समोरच्याला ते सांगते आणि विकून देण्याचं कमिशन घेते. व्यवसायातली बहुतेक चांगली कामं मला अशाच घरांच्या शिफारशीने मिळाली.

१०. जपणूक आणि पाठवणी

आलेली वस्तू थेट कपाटात ठेवू नका. जिवंत कीड असू शकते. भुशासारखी ताजी पावडर पडते का ते काळ्या कागदावर आठवडाभर ठेवून बघा. पडली तर प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांत ठेवण्याचा उपाय आहे, पण जाड थर, राळ, रंग किंवा काच असलेल्या वस्तूला आधी संवर्धकाला दाखवा. कीटकनाशक फवारू नका. उलट जुन्या संग्रहांतल्या वस्तूंवर कधीकाळी आर्सेनिक किंवा डीडीटी मारलेलं असू शकतं, म्हणून हातमोजे घाला. पाण्याने, तेलाने, मेणाने काहीही पुसू नका. विधींत वाहिलेल्या अर्पणांचा खडबडीत थर म्हणजेच वस्तूचा इतिहास, तो एका दुपारी निघून जातो आणि परत येत नाही.

मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला वस्तू पाठवायची असेल तर एक अडचण आधी समजून घ्या. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं शिल्प म्हणजे पुरावशेष, आणि खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. दाखवायला म्हणून नेलेली वस्तू परत आणताना अडकू शकते. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाशी लेखी विचारणा करा, उत्तर आलं की मगच पेटी भरा.

११. विकताना

जानेवारीत ब्रसेल्सचं ब्राफा आणि सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या सें-जेर्मां-दे-प्रे भागातलं पार्कूर दे मोंद, या दोन कलामेळ्यांत सगळा व्यवसाय एकत्र येतो. पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका, फिरा. रु दे बोझार, रु गेनेगो, रु द सेन या गल्ल्यांतल्या गॅलऱ्यांत जाऊन किमती विचारा, चिठ्ठ्या वाचा. मोठ्या मेळ्यांत उघडण्याआधी तज्ज्ञांची समिती प्रत्येक वस्तू तपासते आणि शंकास्पद वस्तू काढून टाकायला लावते. त्या वेळी मदतनीस म्हणून हजर राहायला मिळालं तर सोडू नका. एवढ्या जाणकारांना एकाच वस्तूवर वाद घालताना ऐकण्याची दुसरी जागा नाही.

विक्रीच्या कागदावर मोघम लिहू नका. "विसाव्या शतकाची सुरुवात" याला आधार असेल तरच लिहा, नसेल तर "विसावं शतक" लिहा. दुरुस्ती आणि नंतर बसवलेले भाग नमूद करा. मागातली रिकामी वर्षं रिकामीच दाखवा: "१९२० ते १९५८ माहिती नाही" असं छापलेलं पान ग्राहकाला घाबरवत नाही. उलट जाणता ग्राहक त्याच पानावर थांबतो आणि पुढचे प्रश्न विचारतो.

कधीतरी एखाद्या समाजाकडून, दूतावासाकडून किंवा संशोधकाकडून वस्तूबद्दल विचारणा येईल. वकिलाच्या कोरड्या उत्तराने सुरुवात करू नका. वस्तू विक्रीतून तात्पुरती काढा, फाइलची प्रत पाठवा, त्यांच्याकडे काय माहिती आहे ते मागून घ्या. वस्तू तुम्हाला विकणाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवा, कारण पुढे पैसे परत मागायची वेळ आली तर ती तारीख लागते. आणि खरेदीच्या वेळी "मालकीत दोष निघाल्यास रक्कम परत" हे वाक्य पावतीवर घालून घ्यायला विसरू नका. ते नंतर कुणी घालून देत नाही.